गंधयुक्ती : सोळा द्रव्ये आणि एक पोथी

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यातील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक छोटा प्राकृत लेख कोरलेला आहे. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गृहस्थाने द्वारमुखाचे दान केल्याची ती नोंद आहे. त्यात सिंहदत्ताची ओळख ‘गंधिक’ अशी दिली आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा आणि ती सिद्ध करून देणारा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या या परिसरात सुगंधाच्या व्यवसायावर एखाद्या कुटुंबाला लेण्याचे द्वार घडवून देण्याइतकी संपन्नता मिळत होती, हे त्या एका शब्दावरून कळते. पुढे ‘गांधी’ हे व्यवसायनाम व आडनाव याच शब्दापासून रूढ झाले.

या गंधिकाच्या दुकानात आजच्यासारख्या तयार सुगंधाच्या कुप्या मांडलेल्या नसत. तेथे मुळ्या, साली, लाकडे, डिंक, पाने आणि फुले असत. आणि ती कोणत्या प्रमाणात, कोणत्या क्रमाने, कोणासाठी एकत्र करावयाची याचे ज्ञान असे. या ज्ञानालाच प्राचीनांनी ‘गंधयुक्ती’ असे नाव दिले. मराठीत युक्ती म्हटले की हिकमत आठवते. पण येथे युक्ती म्हणजे योजना, जोडणी, द्रव्याशी द्रव्याचा जुळवून आणलेला योग. वात्स्यायनाने कामसूत्रात दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गंधयुक्तीला स्थान आहे. नागर स्त्रीपुरुषांनी स्वतः शिकून घ्यावयाची ही विद्या होती. आपला गंध आपण योजावा, ही कल्पना आधुनिक काळातली नाही. तिचे शास्त्र रचले गेले, त्याचे गणित मांडले गेले आणि मध्ययुगात त्यावर मराठीत टीकाही लिहिली गेली. ती टीका कशी टिकली आणि ज्या द्रव्यांविषयी ती बोलते त्या द्रव्यांचे पुढे काय झाले, ही हकीकत एखाद्या ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी आठवावी अशीच आहे.

वाटणारे हात

गंधाची जोडणी ज्याच्यासाठी होई तो बहुधा एक, आणि ती करणारे हात दुसऱ्याचे, हे फार जुन्या वाङ्मयातूनही दिसते. महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्रीचा वेष घेऊन राणी सुदेष्णेकडे जाते, तेव्हा ती आपली जी कौशल्ये सांगते त्यांत केशरचनेबरोबर विलेपने वाटणे हेही आहे. पुढे रात्री भीमापाशी आपले दुःख सांगताना ती आपले घट्टे पडलेले हात दाखवते. जिने कुंतीखेरीज कोणासाठीही कधी उटी वाटली नव्हती, तिला आता मत्स्यराजासाठी चंदन वाटावे लागते. आणि ते चांगले उतरले की नाही, याची धास्ती बाळगावी लागते. कारण दुसऱ्याने वाटलेले चंदन राजाला रुचत नाही.

या प्रसंगात गंधयुक्तीचे मर्म आले आहे. चंदन तेच, सहाण तीच. परंतु पाणी किती, दाब किती, वाटप किती बारीक, यांवरून विराटाला हात ओळखू येतो. मथुरेतील कुब्जेची कथाही याच जातीची आहे. भागवताप्रमाणे ती कंसाची दासी. तिने सिद्ध केलेली उटी कंसाला विशेष प्रिय असे. तीच उटी तिने वाटेत भेटलेल्या कृष्णबलरामांना दिली. राजाचा गंध राजाच्या अंगावर मिरवला जाई, पण त्याचे ज्ञान दासीच्या हातात असे. गंधशास्त्राच्या ग्रंथांना राजांची व पंडितांची नावे लागली, तरी त्यांच्या मुळाशी अशा अनामिक हातांचा अनुभव आहे, हे पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

वराहमिहिराचा गंधार्णव

सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ग्रहगती, पर्जन्यलक्षणे, वास्तू, रत्ने यांच्या बरोबरीने गंधयुक्तीसाठी एक स्वतंत्र अध्याय खर्च केला. केसांची तेले, स्नानाची सुगंधी जले, मुखवास, धूप यांचे पाठ त्यात आहेत. परंतु त्याची खरी प्रतिभा दिसते ती मिश्रणांच्या गणनेत.

नागरमोथा, वाळा, दगडफूल, नागकेशर, अगुरू, दवणा, तगर, धणे, कापूर, चंदन अशी सोळा द्रव्ये तो घेतो. त्यांतील कोणतीही चार निवडावीत आणि त्यांचे एक, दोन, तीन व चार असे भाग इच्छेप्रमाणे फिरवून योजावेत, असे तो सांगतो. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात, हे त्याने अचूक दिले आहे. प्रत्येक चौकडीचे ९६ भेद धरून तो एकूण संख्या १,७४,७२० अशी काढतो आणि या योजनेला ‘गंधार्णव’, म्हणजे गंधांचा सागर, म्हणतो. काटेकोर हिशेब केला तर चार द्रव्यांना एक ते चार हे भाग वाटून देण्याच्या तऱ्हा चोवीसच होतात. वराहमिहिर चारही द्रव्यांच्या बाजूने हा चोवीसांचा हिशेब पुन्हा पुन्हा करतो, त्यामुळे त्याची संख्या चौपट झाली आहे. प्रत्यक्षात भिन्न असे ४३,६८० योग निघतात. पण मुद्दा तेवढ्याने कमी होत नाही. सोळा बरण्या असलेल्या माणसाला उभ्या आयुष्यात रोज एक नवा गंध योजता येईल आणि तरीही सागर आटणार नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले.

येथे गणिती थांबतो आणि गंधिक बोलू लागतो. धण्यांचा वास फार उग्र, म्हणून त्यांचा नेहमी एकच भाग घ्यावा. कापराचा त्याहूनही कमी. या दोहोंचे दोन-तीन भाग कधी देऊ नयेत, असे वराहमिहिर बजावतो. म्हणजे गणिताने जे शक्य ते सर्व नाकाला मान्य होतेच असे नाही. योग सिद्ध झाल्यावर त्याला राळ, गूळ, नख यांची धुरी द्यावी. पण ती एकेकाची, क्रमाने, सर्वांचा एक गोळा करून नव्हे. आणि शेवटी कस्तुरी व कापूर यांनी गंधाला जागे करावे, असा क्रमही तो सांगतो. नख म्हणजे एका सागरी गोगलगाईच्या शंखाचे झाकण. ते शुद्ध करून धुरीत वापरण्याची रीत समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांकडून आत पोचली असली पाहिजे.

याच अध्यायात सोळा घरांचा एक चौकोन वर्णिला आहे. पहिल्या ओळीत अगुरू २ भाग, तमालपत्र ३, तुरुष्क ५, दगडफूल ८. दुसरीत प्रियंगू ५, नागरमोथा ८, बोळ २, वाळा ३. तिसरीत स्पृक्का ४, दालचिनी १, तगर ७, जटामांसी ६. आणि चौथीत चंदन ७, नख ६, सरल वृक्षाचा डिंक ४, कुंदुरू १. कोणतीही आडवी ओळ घ्यावी, उभी घ्यावी, कर्णावरची घ्यावी अथवा कोपऱ्यातील चार घरे घ्यावीत. बेरीज अठराच येते. भारतातील चार घरी जादूच्या चौकोनांच्या प्राचीन उदाहरणांत याची गणना होते. कोणत्याही बाजूने निवड केली तरी वजन तेच भरेल आणि योग साधेल, अशी ही सोय होती. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे द्रव्ये बदलावीत, पण तोल ढळू देऊ नये, हे तत्त्व याहून थोडक्यात मांडता येणे कठीण आहे.

या यादीतील तुरुष्क हा शब्दही बोलका आहे. तुरुष्क म्हणजे पश्चिमेकडून येणारा शिलारस. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात शिलारसाचा आणि तेथून निघणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ व गुग्गुळ यांचा उल्लेख आहे. हिमालयातील मुळी आणि भूमध्य समुद्राकाठचा डिंक एका कुपीत आणणारी ही विद्या कधीच एका देशापुरती नव्हती.

कल्याणीचा राजा

वराहमिहिरानंतर सहा शतकांनी दख्खनच्या भूमीत हा विषय पुन्हा एका मोठ्या ग्रंथात येतो. आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण हे कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे नगर. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही त्यातील नोंद मराठी अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना विलेपन, माल्य आणि धूप यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

सोमेश्वराच्या विवेचनात ऋतूचा विचार प्रधान आहे. उन्हाळ्यात जे विलेपन सुखावते तेच थंडीत नकोसे होते, म्हणून ऋतुमानाप्रमाणे द्रव्ये पालटावीत, असे तो सांगतो. धुपाचे चूर्ण, पिंड व वर्ती असे तीन प्रकार तो करतो. त्यातील वर्ती म्हणजे आजच्या उदबत्तीचीच पूर्वज. वराहमिहिरापाशी गंध ही संख्या होती. सोमेश्वरापाशी ती दिनचर्या झाली.

मानसोल्लासाचे संपादन श्रीगोंदेकर यांनी केले आणि त्याचा पहिला भाग १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध झाला. राजशेखराच्या काव्यमीमांसेने १९१६ साली सुरू झालेली ही माला सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाचे फळ. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी राज्यकर्त्याच्या आश्रयाने, मराठी संपादकाच्या हातून, कल्याणीच्या राजाचा ग्रंथ छापला गेला. याच मालेचा या विषयाशी आणखी एकदा संबंध यावयाचा होता.

पोथीतील मराठी

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून १९६१ पर्यंत ग्रंथपाल-अभिरक्षक होते. हस्तलिखितांच्या दप्तरांत आयुष्य घालवलेल्या या विद्वानाने राजवंशांच्या वादांपेक्षा खाद्यपदार्थ, वनस्पती, वस्त्रे, वाहने, सुगंध अशा नित्याच्या गोष्टींचा इतिहास लिहिणे अधिक पसंत केले. रड्डी-संग्रह या नावाने मंदिरात आलेल्या हस्तलिखितांत त्यांना गंधशास्त्राची एक पोथी सापडली. तिच्यात दोन कृती होत्या. एक गंगाधराचा ‘गंधसार’. दुसरी, जिच्या कर्त्याचे नाव मिळत नाही अशी ‘गंधवाद’ नावाची. या दुसऱ्या कृतीवर मराठी टीका होती. १९४५ साली ‘न्यू इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात गोडे यांनी गंधवादाचा व त्याच्या मराठी टीकेचा चिकित्सक परिचय करून दिला आणि तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान असावा, असे मत मांडले.

गंगाधराचा गंधसार तीन प्रकरणांचा आहे. पहिल्यात परिभाषा व प्रक्रिया, दुसऱ्यात सुगंधी जले, तेले, धूप, मुखवास इत्यादींचे पाठ आणि तिसऱ्यात द्रव्यांची नावे, वर्ग व परीक्षा. द्रव्यांची विभागणी पान, फूल, फळ, साल, लाकूड, मूळ, डिंक आणि प्राणिज अशी आठ प्रकारची आहे. प्रक्रिया सहा. भावन म्हणजे चूर्ण सुगंधी द्रवांत भिजवून मुरवणे; पाचन म्हणजे ते शिजवणे; बोध म्हणजे मंद पडलेला गंध जागवणे; वेध म्हणजे तीव्र द्रव्याने त्याला भेदून धार आणणे; धूपन म्हणजे धुरी देणे; आणि वासन म्हणजे ताज्या फुलांच्या सहवासाने सुवासित करणे. बोध आणि वेध हे शब्द विशेष लक्षणीय आहेत. गंध द्रव्यात झोपलेला असतो, त्याला उठवावे लागते, अशी ती दृष्टी आहे.

गंधसाराला संस्कृताचे आवरण पुरेसे झाले. मग गंधवादाला मराठी का लागावी? पंडितासाठी ती नक्कीच नव्हती, कारण त्याला श्लोक कळत होते. खल, सहाण आणि भट्टी यांपाशी बसणाऱ्या कारागिराला श्लोकाचा अर्थ त्याच्या बोलीत हवा होता, असेच अनुमान निघते. यादवांचे राज्य लयाला जाऊन दख्खनमध्ये बहमनी आणि पुढे त्यांच्या वारस सुलतानांची सत्ता आली, त्या काळातली ही टीका. मराठी गद्याचा विचार करताना महानुभावांचे चरित्रग्रंथ, बखरी आणि पत्रव्यवहार यांचीच आठवण होते. सुगंध कसा सिद्ध करावा हे सांगणारे मराठी त्या परंपरेच्या शेजारी उभे राहते आणि मराठी ही केवळ भक्तीची व दरबाराची नव्हे, तर कामाची भाषाही होती, याची साक्ष देते. सैरंध्रीच्या हातांना ग्रंथात जर कोठे शब्द मिळाले असतील, तर ते अशा टीकांतच.

गोडे यांच्या लेखानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९८९ साली, रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी गंधसार आणि मराठी टीकेसह गंधवाद यांची संपादित आवृत्ती सिद्ध केली. ती प्रसिद्ध झाली बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरातर्फे, त्याच गायकवाड मालेत. पुढे जेम्स मॅकह्यू या अभ्यासकाने २०१२ साली भारतीय संस्कृतीतील गंधविचारावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला या छापील पाठाचा आधार मिळाला.

चोवा, अर्गजा आणि अत्तर

मराठी टीका लिहिली जात होती त्याच शतकांत गंधविद्येत नवी भर पडत होती. माळव्यात मांडूच्या गियासशाहाने (राज्यकाळ १४६९–१५००) लिहवून घेतलेल्या आणि त्याचा पुत्र नासिरशाहा याच्या वेळी पुरा झालेल्या ‘निअमतनामा’ या सचित्र फारसी ग्रंथात पाककृतींच्या जोडीने सुगंधी उटण्यांच्या व अर्कांच्या कृती येतात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (राज्यकाळ १५८०–१६२७) नावाशी ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधावरील ग्रंथ निगडित आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया दा ओर्ताच्या संवादरूप ग्रंथात अगुरू, अंबर, कापूर, चंदन, जटामांसी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील बाजारात येणारा माल कोठून येतो, याची पृच्छा करणारा हा पोर्तुगीज वैद्य चंदनाचा पुरवठा तिमोर बेटाकडून होतो, असे नोंदवतो.

अकबराच्या दरबारात तर ‘खुशबूखाना’ हे वेगळे खातेच होते. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत त्याचे वर्णन करताना मिश्रणांचे पाठ आणि सुगंधी द्रव्यांचे भाव दिले आहेत. त्यात मराठी वाचकाच्या ओळखीचे दोन शब्द भेटतात. एक चोवा, अगुरूपासून काढलेला अर्क, दुसरा अर्गजा. चंदन, चोवा, कापूर आणि गुलाबपाणी ही अर्गजाची मुख्य अंगे. अमरकोशात कापूर, अगुरू, कस्तुरी व कंकोळ यांच्या मिश्रणाला ‘यक्षकर्दम’ म्हटले आहे. त्याच्याशेजारी अर्गजाचा पाठ ठेवला तर नाव पालटले तरी रीत फारशी पालटली नव्हती, हे दिसते. अगुरू आणि कापूर दोन्हीकडे आहेत. नवा पाहुणा गुलाब.

गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीर आपल्या आत्मचरित्रात नूरजहाँच्या मातेला देतो. गुलाबपाणी काढताना भांड्यात वर जमलेला स्निग्ध अंश तिने वेगळा केला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगीरी’ असे नाव ठेवले, असे तो सांगतो. येथेही शोध लागला तो अंतःपुरातील एका स्त्रीच्या हातून आणि नाव लागले ते बादशाहाचे.

अत्तर काढण्याची कनोजची पद्धत ‘देग-भपका’ या नावाने ओळखली जाते. तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून तिचे तोंड मातीने लिंपतात. बांबूच्या नळीने वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात जाते आणि तेथील चंदनतेल ती वाफ आपल्यात सामावून घेते. फुलांच्या थरांत तीळ ठेवून, ती फुले पुनःपुन्हा बदलून, मग त्या तिळांचे तेल काढावयाचे ही फुलेलाची रीत याहून वेगळी. ती गंधसारातील ‘वासन’ प्रक्रियेच्या कुळातली. एकीत वाफ आणि दुसरीत सहवास, पण दोहोंत गंध धरून ठेवायला स्निग्ध द्रव्य लागते.

अत्तर आल्यामुळे जोडणीची विद्या संपली नाही. ती केवळ चूर्णातून थेंबात आली. वाळा, केवडा, कदंब आणि भट्टीत काढलेला मातीचा गंध यांच्या मिश्रणाला ‘मजमुआ’ म्हणतात. मजमुआ या अरबी शब्दाचा अर्थ संग्रह. उर्दूत कवितासंग्रहालाही हाच शब्द लावतात. हैदराबादच्या चारमिनार परिसरातील अत्तराच्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या मनगटावर एकेक गंध लावून, त्याची पसंती पाहून दोन-तीन अत्तरे एका कुपीत जुळवून देण्याची रीत आहे. कानाच्या पाळीत खोचलेला अत्तराचा फाया, समारंभात फिरणारी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी यांनी हीच परंपरा मराठी घरांच्या दिवाणखान्यापर्यंत आणली.

घरातील गंधार्णव

ग्रंथ आणि दरबार यांच्या बाहेर, मराठी घरांत ही विद्या नाव न घेता नांदत राहिली. दिवाळीच्या पहाटेच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, चंदन, कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या येतात. अष्टगंधाची आठ द्रव्ये प्रांतोप्रांती व संप्रदायानुसार थोडी पालटतात. वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का, देवघरातील दशांग धूप, तेलात उकळलेली केसांची औषधे, या सर्वांत भागांचे प्रमाण असते, आणि ते घरोघरी किंचित वेगळे असते. आजीच्या उटण्याचा वास दुसऱ्या घरच्या उटण्याला येत नाही, हा अनुभव भावनेचा वाटतो. पण वराहमिहिराच्या कोष्टकाने पाहिले तर त्याचे कारण उघड आहे. एका द्रव्याचा एक भाग इकडचा तिकडे झाला की गंध निराळा होतो. त्याच्या सोळा घरांतील नागरमोथा, वाळा, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी ही निम्मीअधिक नावे आजही किराण्याच्या अथवा काष्ठौषधींच्या दुकानात मागता येतात.

मात्र उरलेल्या घरांचे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाने उभा केला. १८६८ साली विल्यम पर्किनने कुमारिनचे आणि १८७४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिनचे संश्लेषण केले, तेव्हापासून सुगंध प्रयोगशाळेत घडू लागला. त्यातून स्वस्ताई आली, सर्वसामान्यांना सुगंध परवडू लागला, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. राजाच्या उपभोगाची वस्तू कामगाराच्या खिशात आली. पण एका नावाची कुपी जगभर एकाच वासाची असू लागली आणि निवड करणे म्हणजे कुप्यांच्या रांगेतून एक उचलणे, असा अर्थ होऊ लागला.

दुसरीकडे मूळ द्रव्येच दुर्मीळ झाली. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले. कस्तुरीचा व्यापार त्यामुळे थांबणे आवश्यकच होते, कारण कस्तुरीसाठी तो प्राणी मारला जात होता. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात कोष्ठाला १९८५ साली सर्वांत कडक परिशिष्टात घालण्यात आले. ईशान्य भारतातील अगुरू १९९५ साली आणि हिमालयातील जटामांसी १९९७ साली नियंत्रित यादीत आली. गंधसाराची छापील आवृत्ती वाचकाच्या हाती आली ती १९८९ साली. म्हणजे पाठ उपलब्ध झाला त्याच सुमारास त्यातील द्रव्ये बाजारातून व रानांतून हरपू लागली होती. चौकोनातील एक घर रिकामे झाले तर अठराची बेरीज जुळत नाही. गंधिकांच्या तोडीवर संयमाची मर्यादा नव्हती, याचीही ही किंमत आहे; जी मुळी उपटल्यावाचून मिळत नाही, तिची लागवड कोणी फारशी केली नव्हती.

कपाटातील गंध

कोणत्याही विद्येला टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात : द्रव्य, हात आणि पाठ. गंधयुक्तीच्या बाबतीत द्रव्ये विरळ झाली, हातांची परंपरा ठिकठिकाणी तुटली. पाठ तेवढा राहिला. तोही सहज राहिलेला नाही. आज आपल्याला जी कृती महत्त्वाची वाटते ती असलेले दप्तर कोणीतरी टाकून न देता संस्थेला दिले. कोणी त्याची सूची केली. ज्यात राजकारण नाही, तत्त्वज्ञान नाही, अशा त्या पोथीकडे गोडे यांनी लक्ष दिले. आणि अनेक वर्षांनी बडोद्याने ती छापली. यातील एकही दुवा निखळता तर चौदाव्या ते सोळाव्या शतकातील एखाद्या मराठी माणसाने सुगंधाविषयी लिहिलेले शब्द आज कोणाला वाचता आले नसते.

ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात वाचकसंख्या आणि देवघेवीचे आकडे येतात. वर्षानुवर्षे कोणीही न मागितलेल्या पुस्तकांचा रकाना त्यात नसतो. गंधवादाची पोथी ही अशीच न मागितलेली वस्तू होती. बडोदे, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, पणजी येथील जुन्या मराठी संग्रहांतून अशा वस्तू आजही असतील : वैद्यकाची टिपणे, पाककृतींच्या वह्या, रंगाऱ्यांचे हिशेब, उटण्याची प्रमाणे लिहिलेला एखादा चिठोरा. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या घरांनी आपली रीत विसरू नये म्हणून ती लिहून ठेवली असण्याची शक्यता अधिकच. त्यांची सूची होणे, त्या कसरीपासून वाचणे, हे शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेचे पुढील शंभर वर्षांचे काम आहे.

विराटाला चंदनावरून हात ओळखता येत होता. ज्यांनी ही द्रव्ये वाटली, मुरवली, धुपवली, त्यांचे हात आता ओळखता येणार नाहीत. पण त्यांनी कोणते किती घेतले हे त्यांच्याच भाषेत लिहिलेले शिल्लक आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री एखाद्या घरात नागरमोथा आणि वाळा कुटला जातो, चाळणीखाली उरलेले चूर्ण वाटीत घेऊन कोणी वास पाहते आणि चिमूटभर चंदन आणखी घालते. गंधार्णवातील एक योग तेथे पुन्हा सिद्ध होतो.